‘तेर्ना’ची निजानीज

विबोर्ग, २० सप्टेंबर १९८६

गुद्रुनवहिनी,

नमस्कार. पाय मांडीपर्यंत प्लास्टरात असल्यामुळे वाकून करता येत नाही, तेवढा बाकी ठेवा.

पेअरच्या झाडावरून पडलो हे बिर्तेने तुम्हाला कळवलंच असेल. स्वतःच्या मुलीच्या परसात, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून! तीस वर्षं डोलकाठीवर माकडासारखा चढलो, तेव्हा काही झालं नाही. लोकांना सांगताना मी ‘झाडाच्या शेंड्यावरून’ असं सांगतो. तुम्हीही तसंच सांगा.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी बिर्केहाव्नला क्रेन येणार. क्लबच्या सगळ्या बोटी त्या दिवशी पाण्याबाहेर निघतील. आपली ‘तेर्ना’ पाण्यात राहिली आणि बर्फ धरला, तर वसंतात फळ्याच शिल्लक राहतील. मी इथे बिर्तेच्या सोफ्यावर अडकलोय. एयनरदादा असता तर मी इतका मेटाकुटीला आलो नसतो. अर्धी बोट तुमची आहे, म्हणून अर्धं काम हक्काने सांगतो आणि उरलेलं अर्धं पाया पडून.

शिडं उतरवून वाळवायची. ओलसर घडी घातली तर बुरशी धरेल. डोलकाठी स्वेन्निंग उतरवून देईल, अध्यक्ष झाल्यापासून त्याला दुसरं काम नाही. टाकीतलं पाणी काढायचं, इंजिनात न गोठणारं औषध घालायचं. गाद्या घरी न्यायच्या, कपाटांची दारं उघडी ठेवायची, म्हणजे आत हवा खेळेल. बोट वर आली की बूड ओलं असतानाच खरवडायचं. सुकलं तर बुडाला चिकटलेले शंखाचे ते खडे दगडासारखे बसतात.

फोन करू नका. फोन दिवाणखान्यात आहे, जावई ऐकत बसतो, आणि तुम्हाला ऐकू कमी येतं.

तुमचा
टोर्कील


बिर्केहाव्न, २५ सप्टेंबर

टोर्कील भावोजी,

मला ऐकू कमी येत नाही, तुम्ही बोलता जास्त.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. भावोजी, लग्न होऊन या घरात आले त्याला बत्तीस वर्षं झाली. त्या बोटीवर मी मोजून चार वेळा चढले असेन, आणि चारही वेळा मला उलटी झाली. तुम्ही दोघे भाऊ तिला ‘ती’ म्हणायचा, मीही म्हणायचे, पण माझा सूर वेगळा होता. दर रविवारी माझा नवरा घेऊन जाणारी ती.

आणि आता मी तिला आंघोळ घालू, तिचे कपडे उतरवू, पांघरूण घालून झोपवू? सवतीची सेवा कोणी इतक्या प्रेमाने सांगितली नव्हती.

तरी करीन. तुम्ही सोफ्यावर पडून पाया पडताय हे चित्र डोळ्यांसमोर आणून करीन. इंजिन कुठे असतं एवढं फक्त कळवा.

पेअर तरी मिळाले का?

गुद्रुन


विबोर्ग, २ ऑक्टोबर

वहिनी,

इंजिन पायऱ्यांच्या मागे. पायऱ्या उचलल्या की दिसतं. ते निळं आहे, तुम्हाला बघून खोकेल, घाबरू नका.

पेअर मिळाले. बिर्तेने मुरंबा केला. माझ्या गुडघ्याचा मुरंबा म्हणून शेजारी वाटतेय.

एक सांगायचं राहिलं. बोट वर येईल त्या दिवशी किंवा नंतरच्या शनिवारी एक गृहस्थ येतील. प्रेबन नाव. ओडेन्सेला दातांचे डॉक्टर आहेत. सज्जन माणूस. त्यांना बोटींची आवड आहे, ‘तेर्ना’ नीट बघायची आहे. त्यांना वरखाली सगळं दाखवा, कॉफी द्या, आणि जरा गोड बोला. मला बोललात तसं नको.

जास्त विचारू नका. तपशील मी नंतर लिहीन.

टोर्कील


बिर्केहाव्न, १३ ऑक्टोबर

भावोजी,

बोट वर आली! क्रेनला टांगलेली ती आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, टपटप पाणी गाळत, आणि लाकडाच्या घोडीवर अशी टेकली जशी बाई भारी पोट घेऊन खुर्चीत बसते. मी ओरडले, “हळू!” स्वेन्निंग म्हणाला, “गुद्रुन, तू एयनरपेक्षा जोरात ओरडतेस.” मला बरं वाटलं.

शिडांचं तुम्हाला सांगते. आदल्या आठवड्यात उतरवून घरामागच्या गवतावर पसरली. वीस वर्षं एयनर फाटलेलं शीड आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकायचा आणि मी ठिगळ लावायची. पण नेहमी एक कोपरा. अख्खं शीड मी कधी पाहिलंच नव्हतं. आता गवतावर पाहिलं तर जिकडेतिकडे मीच. इथे निळा दोरा, कारण पांढरा संपला होता. तिथे वाकडी शिवण, तेव्हा आम्ही भांडलो होतो. भावोजी, तुम्ही दोघं इतकी वर्षं माझ्या हातच्या टाक्यांवर समुद्रात फिरत होता, आणि मला कोणी बोललं नाही. मी गवतावर बसून थोडी रडले. मग पाऊस आला आणि धावपळ झाली.

आता तुमचे मदतनीस. आपल्या आवारातली रीत तुम्हाला माहीत आहेच, मला स्वेन्निंगने त्या दिवशी शिकवली: बोटी वर काढायच्या दिवशी जो कोणी हात खिशात घालून बोटीखाली उभा दिसेल, त्याच्या हातात खरवडणी द्यायची, नाव नंतर विचारायचं. तर एक उंच, स्वच्छ, उंटाच्या रंगाचा कोट घातलेला माणूस ‘तेर्ना’खाली उभा. हात खिशात. वर मान करून बूड न्याहाळतोय. मी लगेच खरवडणी दिली. तो म्हणाला, “मी प्रेबन.” मी म्हटलं, “माहीत आहे, टोर्कीलने पाठवलंय ना? कोट काढा.”

इतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नाही. मात्र काम कसं? एकेक खडा. आधी आजूबाजूचं पुसतो, मग वाकून डोळा लावतो, मग हलकेच टोक खाली घालतो, आणि खडा निघाला की मागे सरून बघतो. एकदा तर बोटीला म्हणाला, “आता जरासं दुखेल.” बाकीच्यांच्या दोन बोटी झाल्या तरी आमची अर्धी. पण झालेली अर्धी बाजू अशी की हात फिरवला तर लोणी!

मधूनमधून तो म्हणायचा, “बाई, मला खरं म्हणजे एक विचारायचं होतं…” मी म्हणायची, “आधी उजेड आहे तोवर पुढचा भाग करा.” बिचारा करायचा.

पुढच्या शनिवारी परत येणार आहे. तुम्ही त्याला काय देऊन पाठवलंत?

गुद्रुन


विबोर्ग, १७ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र वाचून प्लास्टरच्या आत घाम फुटला.

तुम्ही ओडेन्सेच्या दंतवैद्याला बोटीखाली उताणं घातलंत? त्या माणसाच्या वाट बघायच्या खोलीत लोक महिनामहिना नंबर लावून बसतात! वहिनी, ते पाहुणे आहेत. पाहुणे. त्यांना बोट बघायची होती, खरवडायची नव्हती.

पुढच्या वेळी त्यांना काय विचारायचंय ते विचारू द्या. मध्ये बोलू नका. कॉफी दिलीत का? बोटीबद्दल काही वाईटसाईट बोलला नाहीत ना?

आणि फार जीव तोडून काम करू नका. एवढ्या घासपुशीची गरज नाही. थंडी पडतेय.

टोर्कील


बिर्केहाव्न, २७ ऑक्टोबर

भावोजी,

तुम्ही आजारपणात चिडचिडे झालात. कॉफी दिली. केकही दिला. दंतवैद्य केक खातो, तेही दोन तुकडे.

त्याला बोलू द्या म्हणालात म्हणून मी सरळ विचारलं, “काय विचारायचंय ते विचारा.” तो हातातली खरवडणी बघत बसला. मग म्हणाला, “आता नाही. हे जरा पूर्ण करू द्या.” घ्या! आता त्यालाच गरज वाटत नाही.

बूड झालं. सुकाणू काढून गॅरेजात ठेवलं. इंजिनाला औषध पाजलं, ते खोकलं, मीही खोकले. पाण्याची टाकी रिकामी केली, त्यासाठी मला डोकं खाली पाय वर असं आत शिरावं लागलं, आणि प्रेबनने माझे घोटे धरले. हे कोणाला सांगू नका.

एक कबूल करते. काल रविवार होता. जेवण झाल्यावर करमेना. उठले, सायकल काढली आणि आवारात गेले. कोणी नव्हतं. शिडी लावून वर चढले आणि आत नुसती बसले. जमिनीवरची बोट हलत नाही, म्हणून मला काही होत नाही. थर्मासमधली कॉफी प्यायले. खिडकीतून खाडी दिसते. एयनर इथे बसून इतके रविवार काय बघायचा, हे मला प्रथमच कळलं. फार काही नाही, पाणीच. पण पुरतं.

वसंतात ती पाण्यात उतरेल तेव्हा मी येणार आहे, आणि उलटी झाली तर बाजूला वाकून करीन. आता मला ती हवी आहे, भावोजी.

हंगाम संपला म्हणून येत्या शनिवारी क्लबचा झेंडा उतरवतील. स्वेन्निंग भाषण करेल, मग पिवळ्या वाटाण्याचं सूप, डुकराचं मांस आणि मोहरी. तुमच्या वाटणीचा ग्लास मी रिकामा करीन.

गुद्रुन


विबोर्ग, ३० ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

झेंड्याच्या दिवशी जेवायला जाऊच नका, असं सांगावंसं वाटतं. वाटाणे तुम्हाला पचत नाहीत. एका कागदावर तुमची सही लागणार आहे, त्याबद्दल मी स्वतंत्र लिहितो. तोवर प्रेबनशी बोटीविषयी फार काही बोलू नका.

टोर्कील


बिर्केहाव्न, ३ नोव्हेंबर

टोर्कील,

वाटाणे मला पचतात. न पचणारं दुसरंच निघालं.

झेंडा उतरला, भाषण झालं, सगळे लांब टेबलांवर बसलो. सूप वाढलं. स्वेन्निंगने चमच्याने ग्लास वाजवला आणि म्हणाला, “यंदा एक नवीन माणूस आवारात राबला. बोटीचं बूड त्याने जसं खरवडलं तसं या क्लबात आजवर कुणी खरवडलं नाही. उभं राहा बुवा, आणि सांगा, तुम्ही इथे आलात कसे?”

प्रेबन उठला. नॅपकिनने तोंड पुसलं. म्हणाला, “मी ‘तेर्ना’ विकत घ्यायला आलो होतो. टोर्कील यांच्याशी बोलणं झालं होतं. पण बाईंनी हातात खरवडणी दिली. मला वाटलं, इथे गिऱ्हाइकाची परीक्षा घेत असतील. आणि त्यानंतर विषय काढायला जागाच मिळाली नाही.”

लोक इतके हसले की स्वेन्निंगच्या मिशीतून वाटाणे बाहेर आले. मीही हसले. सगळ्यांबरोबर, तोंड उघडून. आणि हसता हसता मला कळलं की तो काय बोलला.

मी ताट तसंच ठेवून घरी आले. मला न विचारता! अर्धी बोट माझी, आणि मी तिला गिऱ्हाइकासाठी न्हाऊमाखू घालत होते. मुलगी दाखवायच्या आधी सजवतात तशी. आणि मुलीच्या आईलाच पत्ता नाही!

तुम्हाला ‘भावोजी’ लिहायला हात धजत नाही आज.

गुद्रुन


विबोर्ग, ७ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही नाही लिहिलंत तरी मी लिहितो. वहिनी.

प्लास्टर निघालं. गुडघा वळत नाही. डॉक्टर म्हणतात, वळणारही नाही. हे मला सप्टेंबरातच सांगितलं होतं, मी कोणाला बोललो नाही. बिर्तेलासुद्धा नाही. धक्क्यावरून बोटीत उतरायला गुडघा वाकवावा लागतो. आत जायला वाकवावा लागतो. बोटीवर सगळंच वाकून आहे. सरळ पाय घेऊन मी तिथे फक्त एक ओंडका.

धक्क्यावर उभं राहून दुसऱ्याला ‘तेर्ना’ हाकताना बघणं मला जमणार नाही. म्हणून म्हटलं, लवकर विकून टाकावी, चांगल्या माणसाला. आणि तुमच्याबद्दल मला वाटलं की तुम्ही सुटाल. दादाच्या अंत्यविधीला, सगळे कॉफी पीत असताना, तुम्ही म्हणाला होता, “ती बोट माझ्या नजरेसमोरून न्या.” मी ते शब्द मनात धरून बसलो. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. भीती वाटली की तुम्ही हो म्हणाल, आणि मग मला खरंच विकावी लागेल.

विक्रीचा कागद सोबत आहे. तुमचा राग असेल तर फाडा.

टोर्कील


बिर्केहाव्न, ११ नोव्हेंबर

भावोजी,

काल संत मार्टिनची संध्याकाळ होती. सणाच्या रीतीने बदक भाजलं. एकटीसाठी अख्खं बदक कोण खातं, म्हणून प्रेबनला बोलावलं. उगाच काही मनात आणू नका, तो पाय चांगला कापतो, एवढंच.

हो, मी ते बोलले होते. राग एयनरवर होता. तो गेला म्हणून. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून बोटीवर ओरडले. तुम्ही ते खरं धरून तीन वर्षं गप्प बसाल हे मला काय माहीत? तुम्हा भावांना बोलायला समुद्र लागायचा, जमिनीवर दोघेही मुके.

गुडघ्याचं वाचून फार वाईट वाटलं. लपवायला नको होतं. आम्ही काय परके आहोत?

प्रेबनला सगळं सांगितलं. तो म्हणतो, त्याला बोट नको. म्हणाला, “बोट तुमचीच राहू द्या, मला शनिवार द्या.” बायको गेल्यापासून शनिवार त्याला खायला उठायचा म्हणे. आणि गुडघ्याचं म्हणाल तर तो म्हणतो, “मी याहून जड आणि याहून घाबरलेली माणसं खुर्चीत बसवली आहेत.”

पण कुणी दुसरं गिऱ्हाईक बघायचं असेल तर तुमची वाट मी अडवणार नाही. तीस वर्षं तुम्ही तिला सांभाळलंत. मी खालच्या बाजूला सही केली आहे. कागद परत पाठवतेय. तुमची सही झाली की विषय संपला. फक्त एक अट आहे. सही करायच्या आधी इथे या, आणि विकतो असं माझ्या तोंडावर सांगा. पत्रात नको.

शनिवारी आम्ही ताडपत्री घालणार आहोत.

गुद्रुन


विबोर्ग, १७ नोव्हेंबर

वहिनी,

शनिवारी मी येऊन गेलो.

तुम्हाला कळलं नाही. बिर्तेने गाडीतून आणलं, सरळ पाय मागच्या सीटवर आडवा टाकून, पुलावरून येताना सगळ्या गाड्यांना माझा बूट दिसत होता. वाटेत मी वाक्य पाठ करत होतो: “वहिनी, मी नीट विचार केला आहे आणि बोट विकायचं ठरवलं आहे.” बिर्ते म्हणाली, “बाबा, पुरे, आता मलाही पाठ झालं.”

काठीवर टेकत मी बोटीपाशी पोचलो. शिडी लावलेली होती. मला ती चढता येईना. वर ताडपत्रीच्या आत तुम्ही दोघे होता, सावल्या हलत होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुमचा आवाज आला. प्रेबनला झापत होता. “अहो डॉक्टर, ही काय गाठ? ही तर कापावी लागेल! एप्रिलमध्ये हाताने सुटली पाहिजे, अशी मारा!”

एप्रिल म्हणालात तुम्ही. माझ्या डोक्यात नोव्हेंबरच्या पुढे काही उरलंच नव्हतं, वहिनी. मी तसाच उभा राहिलो. बूड बघितलं, हात फिरवला. लोणी म्हणालात ते खोटं नाही. दादाने किंवा मी ते कधी असं केलं नव्हतं, आम्हाला नेहमी जेवायची घाई असायची.

स्वेन्निंगने मला पाहिलं. मी बोटाने त्याला गप्प बसायला सांगितलं, आणि मग कानात आणखी एक सांगितलं. क्लबाच्या नोंदीत ‘तेर्ना’च्या कप्तानाच्या जागी आता तुमचं नाव आहे. तो म्हणाला, “ती रागावेल.” मी म्हटलं, “सवय आहे.” मग धक्क्यावरच्या टपरीवर मोहरी लावलेलं सॉसेज खाल्लं आणि परत आलो. बिर्तेने गाडीत रुमाल दिला.

कागदावर मी सही केलेली नाही. तो बिर्तेने पेअरच्या बरणीखाली घातला आहे, तळ चिकट होता.

त्या बोटीवर सुकाणूपाशी सोडून दुसरीकडे बसायची मला सवय नाही. तीस वर्षं तीच एक जागा. आता तिथे तुम्ही असाल. तेव्हा, कप्तान, तेवढं कळवा: एप्रिलमध्ये मी कुठे बसायचं?

टोर्कील